दोन टिचक्या

१

परीक्षक पुस्तकाबरहुकूम जगले आणि पुस्तकाबरहुकूम मेले, असं फ्लाइंग क्लबाच्या व्हरांड्यात कुणीतरी म्हणालं, आणि त्यावर चक्क दोघं हसले. मैदानात अजून विमानाचा एक पंख पडलेला होता. पोलादी तारेनं तो इतका सफाईनं कापला होता, की बघणाऱ्याला आधी कारागिरीचंच कौतुक वाटावं. उरलेलं विमान टेकडीच्या पायथ्याशी होतं. परीक्षकांना त्यातून बाहेर काढायला अग्निशामकवाल्यांना अख्खी दुपार पुरली नव्हती.

तपासणीबाईंनी ते हसणं ऐकलं आणि दोन्ही तोंडं लक्षात ठेवली. विमान अपघातांच्या चौकशीत त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. त्याआधी त्या स्वतः विमान चालवायच्या. गुडघा कामातून गेला म्हणून सुटलं. आता काठी टेकत चालायच्या, आणि समोरच्याला काठीपेक्षा त्यांची जीभच जास्त टोचायची. निघतानाच वरिष्ठांनी सांगून ठेवलं होतं, "सरळ प्रकरण आहे हो. ग्लायडरच्या बाजूला घुसले, तार लागली. वैमानिकाची चूक. उगाच चघळत बसू नका."

सरळ प्रकरण म्हटलं की बाईंच्या कपाळाला आठी पडायची.

मैदान लहानसं होतं. एक धावपट्टी, एक पत्र्याचं हँगर, ऑफिसची एक खोली, आणि वारा दाखवणारा कापडी मोजा. कंट्रोल टॉवर नव्हताच. असल्या ठिकाणी 'या' म्हणणारं कुणी नसतं आणि 'थांबा' म्हणणारंही नसतं. जो तो रेडिओवर आपण कुठं आहोत ते सांगतो, दुसऱ्याचं ऐकतो आणि डोळे उघडे ठेवतो. बाहेरून येणाऱ्या वैमानिकासाठी पुस्तकात नियम असा, की आधी मैदानाच्या बरोबर वर, भरपूर उंचीवर यायचं, खालचा वारा बघायचा, गवतातल्या खुणा बघायच्या, आणि मग ज्या बाजूला कुणी फेऱ्या मारत नाही त्या बाजूनं खाली उतरत येऊन फेरीत सामील व्हायचं. नियम चांगला आहे. त्यानं कितीतरी जीव वाचलेत.

इथं मात्र एक गोम होती. मैदानाच्या एका अंगाला तळं, दुसऱ्या अंगाला टेकडी. इंजिनवाली विमानं तळ्याकडून फेरी मारायची. टेकडीच्या अंगाला ग्लायडर उडायचे, म्हणजे बिनइंजिनाची विमानं, आणि पुस्तकाप्रमाणे उतरायची बाजू नेमकी तीच. धावपट्टीच्या टोकाला विंच नावाचं यंत्र असतं, ते लांबलचक पोलादी तार भराभर गुंडाळतं आणि ग्लायडर पतंगासारखा वर चढतो. ती तार आभाळात ताणलेली असते तेव्हा दिसत नाही, अगदी जवळ गेलं तरी दिसत नाही. म्हणून तार चालू असेल तेव्हा पुस्तक बाजूला ठेवायचं आणि मैदानावरून न येता थेट तळ्याकडून शिरायचं, हा इथला घरचा नियम. तार चालू आहे हे वरून कळावं म्हणून गवतात पांढरी दुहेरी फुली मांडायची.

परीक्षक वर्षानुवर्षं इथं वैमानिकांची परीक्षा घ्यायला यायचे. हे सगळं त्यांना पाठ होतं. मग हा माणूस थेट तारेतच का उतरला?

ऑफिसच्या पायरीवर एक मुलगी बसली होती. डोळे सुजलेले, केस विंचरलेले नाहीत. बाईंना बघून ती उठली.

"मॅडम, मी त्यांची मुलगी. बाबांनी चूक केली असं लिहू नका."

"मी ठरवून काही लिहीत नाही, पोरी. जे झालं ते लिहिते."

"तेच लिहा. बाबांनी आयुष्यभर लोकांना नियम शिकवले. आता इथली माणसं म्हणतायत, म्हाताऱ्याला ऐन वेळी आपलाच धडा आठवला नाही. आईनं ऐकलंय ते. ती कालपासून पाण्याशिवाय काही घेत नाहीये."

"आणि जे झालं ते कळल्यावर तुला आवडलं नाही तर?"

"चालेल," ती म्हणाली. "बाबांची चूक नव्हती एवढं लिहून आलं ना, की बाकी मला काहीही चालेल."

'काहीही' म्हणणाऱ्या माणसांची बाईंना मनापासून कीव यायची. त्या आत शिरल्या. चिटणीस धडपडत खुर्चीतून उठले आणि दाराकडं बघत कुजबुजले, "भेटली ना? बिचारी हो. बापाला तार लागली तेव्हा ग्लायडरमध्ये पुढच्या सीटवर हीच होती."

२

चिटणीस हा गोल चेहऱ्याचा, सतत घाम पुसणारा माणूस होता. क्लबाचं भाडं, पावत्या, झाडलोट, पाहुण्यांचा पाहुणचार, सगळं त्यांच्या गळ्यात. अपघातानंतर त्यांनी इतक्या लोकांना इतक्या वेळा 'आमच्याकडून काही कसूर नाही' म्हणून सांगितलं होतं, की आता ते विचारायच्या आधीच सुरू झाले.

"आमच्याकडून काही कसूर—"

"फुली मांडली होती?"

"म्हणजे काय! मांडलीच होती."

"वा. माझ्या काठीच्या टोकाला हे पांढरं काय लागलंय, बघा बरं." बाईंनी काठी टेबलावर ठेवली. "हँगरच्या मागं ती फुली भिंतीला टेकवून ठेवलीय. मी जरा ढोसून बघितली. रंग अजून चिकट आहे. ओली फुली गवतात मांडतात का तुमच्याकडं?"

चिटणीसांचा चेहरा पांढराफटक पडला. मग त्यांनी एकदम दोन्ही हात जोडले. "मॅडम, माझी नोकरी जाईल हो. परीक्षक येणार म्हणून रंग काढायला घेतला. सगळं चकचकीत दिसावं म्हणून. रेडिओचा खांबही उतरवलाय, तोही गंजला होता."

"म्हणजे ऑफिसचा रेडिओ बंद?"

"खांब आडवा पडलाय तर काय ऐकू येणार? एरवी कुणी पाहुणा बोलला तर मी इथून सांगतो, तार चालू आहे, तळ्याकडून या म्हणून. काल माझ्या कानांवर काही आलंच नाही. धाड असा आवाज आला तोच पहिला."

"फुली आणि खांब, दोन्हीला एकाच दिवशी रंग. ही अक्कल कुणाची?"

"मास्तरांची. म्हणाले, वर्षातून एकदा येतो माझा दोस्त, जरा बरं दिसू दे."

मास्तर म्हणजे इथले ग्लायडर शिकवणारे. त्यांचं आणि परीक्षकांचं तरुणपणापासूनचं मैत्र होतं, हे बाईंनी ऐकलं होतं. त्यांनी नुसतं चिटणीसांकडं बघत राहायचं ठरवलं. गप्प बसलेल्या बाईसमोर असली माणसं फार वेळ टिकत नाहीत. चिटणीसांनी घाम पुसला, दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"गेल्या वर्षी मास्तरांना वर भोवळ आली होती. परीक्षक बरोबर होते म्हणून ग्लायडर खाली आला. दोस्ती आहे म्हणून त्यांनी वर कळवलं नाही. पण याच खोलीत म्हणाले, मी दाराबाहेर होतो, की पुढच्या वर्षी मी येईन तेव्हा तू आपण होऊन उडणं सोडलेलं असलं पाहिजेस. नाहीतर मला सोडायला लावावं लागेल."

"आणि मास्तरांनी सोडलं?"

"कसचं सोडतायत! मॅडम, त्या माणसाला जमिनीवर कोणी नाही. बायको गेली, मुलं विचारत नाहीत. दोस्त तेवढा एक होता."

३

मास्तर हँगरच्या दारात ग्लायडरच्या पंखावरून फडकं फिरवत बसले होते. देखणा म्हातारा. बाईंना बघताच त्यांचे डोळे भरून आले, आणि ते अश्रू खरे होते. बाईंना खोटे अश्रू ओळखता यायचे.

"माझा भाऊच गेला," ते म्हणाले. "आणि माझ्या तारेनं गेला. विचारा, काय विचारायचं ते विचारा."

"तुम्ही मागच्या सीटवर, ती पुढच्या. तिच्या बाबांना माहीत होतं ती शिकतेय ते?"

"छे! तिला त्यांना चकित करायचं होतं. हा तिसरा का चौथा दिवस तिचा. म्हटलं, बाबा येतील तेव्हा तू वर असशील, बघ त्यांचं तोंड कसं होतं ते. काय करायला गेलो आणि काय झालं."

"परीक्षकांचा आवाज ऐकलात रेडिओवर?"

"ग्लायडरचा रेडिओ बंद होता. तार वर खेचत असताना मी बंदच ठेवतो, मुलांचं लक्ष उडतं. आणि दिसायचं म्हणाल, तर नाक आभाळाकडं असतं. खालचं, बाजूचं काही दिसत नाही. टोकाला पोचता पोचता तारेला हिसका बसला, तार सोडली, सरळ झालो, तेव्हा ती पोर किंचाळली."

उत्तर नीटनेटकं होतं. कुठं एक दोरा लोंबत नव्हता. बाई "बरं" म्हणाल्या आणि धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला विंचकडं निघाल्या. वाटेत गुडघ्यानं शिव्या घालायला सुरुवात केली, त्यांनीही त्याला दोन घातल्या.

विंचवाला यंत्राच्या जाळीच्या पिंजऱ्यात पाय पसरून बसला होता. त्याला सगळे तारवाला म्हणायचे. व्हरांड्यात हसणाऱ्या दोघांतला एक हाच होता.

"मघाशी फार हसू येत होतं," बाई म्हणाल्या.

"हसू नको तर काय करू? सगळे माझ्याकडं बघतायत. जशी काय मीच तार फिरवली त्यांच्या गळ्यात." त्यानं थुंकायला तोंड वळवलं, मग बाईंकडं बघून गिळलं. "मला दिव्याची खूण आली, मी खेचलं. खूण मास्तरांची. इंजिन चालू असताना मला माझा आवाज ऐकू येत नाही, रेडिओ कुठला यायला."

"मास्तर नेहमीसारखेच निघाले?"

"नाही. तार जोडून बसून राहिले कितीतरी वेळ. इंजिन तापवून ठेव म्हणाले आणि खूणच देईनात. मी माणूस पाठवला, की बाबा कशाची वाट बघताय. तर म्हणे, वारा बघतोय."

"वारा कसा होता?"

"वारा? मोजा पार मेल्या उंदरासारखा लोंबत होता."

बाई काही बोलणार तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. टेकडीपलीकडं असंच एक बिनटॉवरचं मैदान होतं, तिथं पेट्रोल भरणाऱ्या मावशींचा. दोन्ही मैदानं रेडिओवर एकाच लहरीवर बोलायची, म्हणून तर प्रत्येक वाक्यात मैदानाचं नाव घ्यायची पद्धत. बाईंनी सकाळीच निरोप ठेवला होता.

"ऐकलं की मी," मावशी म्हणाल्या. "रेडिओ दिवसभर उशाशीच असतो. तुमचे परीक्षक बोलले. लांबून एकदा बोलले, तेव्हा कुणी उत्तर दिलं नाही. मग परत बोलले, मैदानाच्या वर आहे, टेकडीकडून खाली येतोय. मग कुणीतरी दोन टिचक्या दिल्या, आमच्याकडच्या कुणी नाही, इथं मी एकटीच होते. मग परीक्षक म्हणाले, आभारी आहे."

"आणि मग?"

"मग काही नाही," मावशी म्हणाल्या. "मग तुम्हीच आलात."

४

"दोन टिचक्या म्हणजे काय रे?" फोन ठेवून बाईंनी विचारलं.

तारवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "कुणी दिल्या?"

"मी विचारतेय."

त्यानं पिंजऱ्यात लटकवलेला, हातात धरायचा छोटा रेडिओ काढला आणि बटण दोनदा दाबून सोडलं. टक, टक. "हे. बोलायला फुरसत नसते ना इथं, हात गुंतलेले असतात. म्हणून दोन टिचक्या. म्हणजे ऐकलं, तार थांबवलीय, या खुशाल. इथली जुनी पद्धत आहे. परीक्षक चिडायचे त्यावर, तोंड दिलंय देवानं, बोला की म्हणायचे. पण अर्थ त्यांना पक्का माहीत होता."

"आणि बाहेर? दुसऱ्या मैदानांवर?"

"बाहेर नुसतं 'ऐकलं' एवढंच. रामराम घातल्यासारखं. पण मॅडम, मी नाही दिल्या! तार वर जात असताना मी टिचक्या कशाला देऊ? मला काय वेड लागलंय?"

त्याचा आवाज चिरकला. आता त्याला हसू येत नव्हतं. गळ्याभोवती काहीतरी आवळत चाललंय हे त्याला कळलं होतं: टिचक्या द्यायचं काम त्याचं, रेडिओ त्याच्या हातात, तार त्याची. जगात कुणीही त्यालाच धरलं असतं. बाईंना त्याचे ओठ थरथरताना बघून बरं वाटलं, हे त्यांनी स्वतःपाशी कबूल केलं. मेलेल्या माणसावर हसायचं भाडं होतं ते.

मग त्यांनी मावशींना पुन्हा फोन लावला.

"मावशी, रेडिओ जवळ घ्या. काय ऐकू येतंय सांगा." आणि तारवाल्याला म्हणाल्या, "दे टिचक्या. देत राहा."

टक, टक. टक, टक. मावशींना काही ऐकू आलं नाही. तारवाल्यानं रेडिओ डोक्यावर धरला, पिंजऱ्यावर चढून धरला. काही नाही. मध्ये अख्खी टेकडी आडवी होती.

"हा डबा ऑफिसपर्यंत पोचला तर नशीब," तारवाला वरून म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत जीव आला.

बाई लंगडत ऑफिसात गेल्या, चिटणीसांना उठवलं आणि त्यांच्या रेडिओवरून तेच करून बघितलं. खांब आडवा. मावशींच्या कानी काही नाही.

म्हणजे हिशेब उरला तो असा. टेकडीपलीकडं ऐकू जायला टेकडीपेक्षा उंच असावं लागतं. त्या वेळी या मैदानावर टेकडीपेक्षा उंच दोनच गोष्टी होत्या. एक परीक्षकांचं विमान, आणि माणूस स्वतःच्याच प्रश्नाला टिचक्या देऊन स्वतःचेच आभार मानत नाही. दुसरी गोष्ट तारेला लटकून वर चढत होती, आणि तिचा रेडिओ म्हणे बंद होता.

चिटणीसांना हे कळायला जरा वेळ लागला. "म्हणजे मास्तरांनी?" ते म्हणाले. "पण मॅडम, तोच रडत होता हो सगळ्यात जास्त!"

५

मास्तर अजून हँगरच्या दारात होते. फडकं बाजूला ठेवलं होतं. बाईंनी एक पेटी ओढली आणि त्यांच्यासमोर बसल्या, गुडघा लांब करून.

"रेडिओ चालू होता," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्यांची वाट बघत बसला होतात. लांबून ते बोलले, कुणी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर देणारा खांब तुम्ही आडवा करवला होता. गवतात फुली नाही, तीही तुम्हीच हलवलीत. ते वरून येणार हे तुम्हाला माहीत होतं. खुणा दिसल्या नाहीत की ते पुस्तकाप्रमाणे वरूनच येणार. जिवलग दोस्त ना. त्यांचं एकूण एक पाऊल तुम्हाला ठाऊक. मग तुम्ही दिव्याची खूण दिलीत आणि वर निघालात. तार चढत असताना ते म्हणाले, टेकडीकडून उतरतोय. आणि तुमच्या ग्लायडरमधून दोन टिचक्या गेल्या."

मास्तरांनी मान खाली घातली. बाईंना वाटलं, आता रडेल. पण मान वर आली तेव्हा चेहरा कोरडा होता.

"तो मला मारणार होता," मास्तर म्हणाले. "समजतंय का तुम्हाला? तुम्ही उडायच्या ना? गुडघ्यावर गेलं तुमचं. कसं वाटतं, खाली राहून दुसऱ्यांचे तुकडे वेचताना?"

"वाईट वाटतं. पण मी कुणाला मारलं नाही."

"मीही नाही मारलं. दोन टिचक्या म्हणजे काय, सांगा बघू. कुठल्या पुस्तकात आहे? दाखवा. नाहीच. 'ऐकलं' एवढाच त्याचा अर्थ, कुणालाही विचारा. कोर्टात विचारा. वैमानिकानं स्वतः बघून, खात्री करून उतरायचं, हे तर माझ्या दोस्ताचंच वाक्य. आणि मी तार का सोडली नाही म्हणाल, तर नवी शिकाऊ मुलगी पुढं बसलेली, मध्येच सोडलं असतं तर आम्ही दोघं आपटलो असतो. असंही कुणी मान्य करेल."

खरंच कुणीही मान्य केलं असतं. बाईंना ते माहीत होतं. त्यांना राग चढत होता, आणि रागानं काही सिद्ध होत नाही हेही त्यांना माहीत होतं.

"आणखी एक," मास्तर म्हणाले. ते चक्क हसले. "टिचक्या मी दिल्या असं धरून चाललाय तुम्ही. ग्लायडरला दांडे दोन असतात, बाई, पुढच्या सीटला एक, मागच्या सीटला एक. रेडिओची बटणं पण दोन."

बाई उठता उठता थांबल्या.

"विचारा तिला," मास्तर म्हणाले. त्यांनी फडकं उचललं आणि पुन्हा पंखावरून फिरवायला लागले. "पण विचारायचं असेल तर नीट विचार करून विचारा. मी तर म्हणेन, वैमानिकाची चूक असं लिहा आणि घरी जा. पोरीचं भलं बघायचं असेल तर."

६

घर दुमजली होतं. दिवाणखान्यात परीक्षकांचे बूट अजून दाराशी, टाचा जुळवून ठेवलेले. आई आतल्या खोलीत पडून होती. मुलीनं पाणी आणून दिलं आणि समोर बसली.

"रेडिओचं विचारायचं होतं," बाई म्हणाल्या.

ती लाल झाली. "मास्तरांनी सांगितलं का? मला वाटलंच. माझ्याकडं रेडिओचा परवाना नाही, मॅडम. शिकाऊंनी बोलायचं नसतं. मास्तर म्हणाले, कुणाला सांगू नकोस, नाहीतर तुझं शिकणं बंद होईल. म्हणून मी गप्प राहिले. पण मी बोलले नव्हते, नुसतं बटण दाबलं."

"सगळं सांग. पहिल्यापासून."

"आम्ही वर जात होतो. कानांत वारा नुसता. आणि एकदम बाबांचा आवाज आला! बाबा म्हणाले, मैदानाच्या वर आहे, खाली येतोय. मला इतका आनंद झाला. मास्तर मागून म्हणाले, बाबांना उत्तर दे की, दोन टिचक्या दे, म्हणजे नमस्कार. मी दिल्या. आणि बाबा आभारी आहे म्हणाले." तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण चेहऱ्यावर हसूही होतं. "त्यांना माहीत नव्हतं मी आहे ते. पण त्यांचं शेवटचं बोलणं माझ्याशी झालं ना, मॅडम. आईलाही मी तेवढंच सांगते. शेवटचं बोलले ते माझ्याशी बोलले."

बाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं, वरिष्ठांचं ऐकायला हवं होतं.

"तार सोडायची मूठ कुणाच्या हातात होती?"

"दोघांच्या समोर असते. माझा हात जवळच होता. मास्तरांनीच शिकवलं होतं, तारेवर असताना विमान जवळ आहे असं कळलं की मूठ ओढायची. म्हणून मी विचारलं, सोडू का? तर ओरडले, मी सांगेपर्यंत मुठीला हात लावायचा नाही."

बाईंना हवं होतं ते हेच. मास्तरांच्या कोर्टातल्या सगळ्या उत्तरांना पुरून उरणारं हे एक वाक्य होतं, आणि ते जगात फक्त या मुलीला ठाऊक होतं. ते कागदावर यायचं तर त्याच्या आधीचं, टिचक्यांचं वाक्यही यायला हवं होतं.

"या मैदानावर दोन टिचक्यांचा अर्थ वेगळा आहे," त्या म्हणाल्या. आवाज त्यांनी मऊ केला नाही. मऊ केला असता तर त्यांना पुढचं बोलता आलं नसतं. "तार थांबवलीय, खुशाल या, असा. तुझ्या बाबांना तो माहीत होता. मास्तरांनाही होता. तुला नव्हता."

मुलीच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही, जागा विसरल्यासारखं थोडा वेळ तिथंच राहिलं.

"मी दिल्या नसत्या तर?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. एका शब्दाचं काम होतं.

"तर ते उतरले नसते. उत्तर आलं नाही की परत वर जाऊन तळ्याकडून आले असते."

आतल्या खोलीत पलंग करकरला. आई उठून दारात आली होती, भिंतीला धरून. तिनं किती ऐकलं ते विचारायची गरज नव्हती. तिनं मुलीकडं बघितलं, फार वेळ बघितलं. मग वळली, आत गेली आणि दार लावून घेतलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

"तुझी यात चूक नाही," बाई घाईनं म्हणाल्या. "एका हरामखोरानं तुझा हात वापरला. तू अजाण होतीस. असंच लिहीन मी. आणि नको असेल तर आत्ता सांग. मी वैमानिकाची चूक लिहीन, कागद बंद होईल, कुणाला काही कळणार नाही."

"मास्तरांना शिक्षा होईल?"

"तू जबाब दिलास तर परवाना नक्की जाईल. तुरुंगाचं मी सांगू शकत नाही. त्यांचा वकील तुला उभी करून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारेल."

"बटणावर बोट कुणाचं होतं, हेच ना?"

मुलीनं डोळे पुसले, उठून आईच्या दारापाशी गेली आणि दारावर हात ठेवून उभी राहिली. ठोठावलं नाही. परत आली तेव्हा तिनं खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"लिहा," ती म्हणाली. "बाबांची चूक नव्हती, हे पहिल्यांदा लिहा. मग टिचक्या मी दिल्या असं लिहा. अजाण वगैरे काही नको. बाबा कुणाच्याच कागदावर तसं लिहू द्यायचे नाहीत."

बाईंनी पेन काढलं आणि लिहायला घेतलं. मुलगी प्रत्येक ओळ वाचत होती, आणि एका ठिकाणी बाईंनी नकळत तिच्या बाजूनं घातलेला एक शब्द तिनं त्यांच्या हातातून पेन घेऊन खोडून टाकला.